फ्रीजच्या दाराचं रबर : एप्रिल-मेच्या नोंदी

३ एप्रिल २०२५, गुरुवार

फ्रीज एका दाराचा, १९० लिटर, बर्फ हातानं वितळवायचा. वय बारा वर्षं. स्वयंपाकघरात गल्लीकडच्या भिंतीला उभा, आणि गल्लीपलीकडे यंत्रमागांची शेड. सोलापुरात अशोक चौकाच्या मागच्या भागात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

तक्रार अशी, की कॉम्प्रेसर बंदच होत नाही. रात्री तापवून ठेवलेलं दूध सकाळी आंबूस लागतं. थर्मोस्टॅट शेवटच्या आकड्यावर आहे, त्यापुढे फिरवायला जागा नाही. वरच्या कप्प्यात मात्र बर्फच बर्फ. पाडव्याला फ्रीज पुसताना तो सगळा काढला होता, आज पुन्हा करंगळीएवढा थर. पावसाळ्यात हे समजू शकतो. एप्रिलच्या कोरड्या हवेत एवढ्या लवकर बर्फ चढतोय म्हणजे बाहेरची हवा आत सारखी येतेय. तिच्यातला ओलावा सगळ्यात थंड पत्र्यावर जाऊन गोठतो. बर्फ जास्त दिसतो म्हणून फ्रीज जोरात चाललाय असं वाटतं, पण तोच थर थंडावा खाली उतरू देत नाही.

निदानं तयार आहेत. आई म्हणते, दाराचं चुंबक गेलं. बायको म्हणते, रबर गेलं. कारखान्यातला जोडीदार म्हणतो, "काय करलालास बे, बारा वर्षं झाली, नवा घे की." मी टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. तिथं रीत अशी की माग बिघडला की आधी काय दिसतंय ते वहीत लिहायचं, पाना नंतर उचलायचा. तीच रीत इथं.

घाईचं कारण एकच : आईचं इन्सुलिन. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत राहायला हवी. मधल्या फळीवर पाण्याचा ग्लास ठेवून त्यात थर्मामीटर बुडवून ठेवला. हवेचा आकडा दार उघडताच उडी मारतो, पाण्याचा मारत नाही. सकाळी १२ अंश. इन्सुलिन आजच वरच्या मजल्यावरच्या वहिनींच्या फ्रीजमध्ये हलवलं. दारातल्या कप्प्यात नको आणि बर्फाच्या कप्प्याला चिकटूनही नको, हे त्यांना दोनदा सांगितलं. गोठलेलं इन्सुलिन वितळवून चालत नाही, टाकूनच द्यावं लागतं.

५ एप्रिल, शनिवार

रबराकडे जाण्याआधी मागची जाळी. फ्रीज पुढे ओढला, प्लग काढला. जाळी दिसतच नव्हती. सुताचं तूस बसून बसून तिची रजई झालेली. आतली उष्णता ज्या जाळीतून बाहेर पडायची तिलाच पांघरूण. कोरड्या ब्रशनं आणि जुन्या कुंच्यानं सगळं काढलं, फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे ठेवला. बंद केल्यावर पाचेक मिनिटं थांबून मगच चालू केला. आतल्या गॅसचा दाब दोन्हीकडे सारखा व्हायला तेवढा वेळ द्यावा लागतो, नाहीतर कॉम्प्रेसर उठताना कण्हतो.

आज एवढंच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे कशानं किती फरक पडला ते कळतं.

६ एप्रिल, रविवार

ग्लासातलं पाणी १० अंश. म्हणजे तुसाचा वाटा होता, पण थोडा. आता दार.

पहिली परीक्षा दहाच्या नोटेची. नोट अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून दार लावायचं आणि हळू ओढायची. जिथं रबर नीट बसतंय तिथं नोट अडखळत निघते. वरची बाजू उत्तम. बिजागरीची बाजू बरी. मुठीच्या बाजूला वरचा भाग ठीक, खाली उतरू तशी पकड सैल. तळाच्या बाजूला मुठीकडच्या कोपऱ्यात नोट सोडली आणि ती आपली आपणच खाली पडली.

दुसरी परीक्षा उजेडाची. लोक आत बॅटरी लावून ठेवतात आणि बाहेरून फट शोधतात. मी उलटं केलं. मोबाईल आत ठेवला, व्हिडिओ चालू करून, कॅमेरा खालच्या कोपऱ्याकडे. दार लावलं आणि अंधारात बाहेरून बॅटरी कडेकडेनं फिरवली. व्हिडिओत तळाशी उजेडाची रेघ स्पष्ट दिसते, साधारण वीतभर लांब. मुलाला हा प्रयोग इतका आवडला की तो कपाटाचंही दार तपासून आला.

तिसरी परीक्षा बोटांची. वरचं रबर दाबलं की दबतं, सोडलं की फुगतं. खालचं दाबलं तर दबतच नाही. पिवळं पडलंय, कोपऱ्यात चिरलंय, घडीत काळी बुरशी. सोड्याच्या कोमट पाण्यात बुडवलेल्या जुन्या दातांच्या ब्रशनं बुरशी काढली. मग टॉवेल गरम पाण्यात पिळून खालच्या बाजूवर धरून ठेवला. रबर सैलावलं, नोट थोडी धरू लागली, संध्याकाळी पुन्हा जैसे थे. शेकून भागण्याची वेळ गेली.

इथं जरा सविस्तर लिहून ठेवतो, कारण बाजारात जाऊन बोलायला हेच लागणार आहे. आपण ज्याला रबर म्हणतो ते बहुतेक वेळा रबर नसतंच, मऊ केलेलं पीव्हीसी असतं. त्याचे तीन भाग. दाराकडे बाणाच्या टोकासारखी एक शेपटी, ती दाराच्या खाचेत घुसून अडकते. मधे हवेची पोकळी, दार लागताना ती दबते आणि उष्णताही अडवते. आणि पुढे एक लांबट खिसा, त्यात चुंबकाची पट्टी सरकवलेली. पीव्हीसी मुळात कडक. त्यात मऊपणासाठी तेलासारखं एक द्रव्य मिसळलेलं असतं, ते वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर पडतं. उष्णतेनं लवकर पडतं, फोडणीच्या तेलकट हातांनी आणखी लवकर. सोलापूरच्या स्वयंपाकघरात या दोन्ही गोष्टींना तोटा नाही.

पण मग वरचं रबर मऊ आणि खालचंच कडक का? वय दोघांचं सारखं. यावर दुपार घालवली.

दाराच्या वरच्या कडेकडे बघितलं तर ती फ्रीजच्या माथ्याशी समांतर नाही. बिजागरीकडे बरोबर, मुठीकडे ४ मिलिमीटर खाली. मुठीखाली हात घालून दार उचललं तर उचललं जातं, खटकन. म्हणजे खालच्या बिजागरीतला प्लास्टिकचा बुश, खुंटीवर बसणारी ती छोटी नळी, झिजलाय. दार उतरलं, त्याबरोबर रबर उतरलं, आणि तळाची चुंबकपट्टी चौकटीच्या सपाट पत्र्यावर पुरी न बसता अर्धी कडेवर बसते. तिथं फट, फटीत घाम, घामानं पत्र्याला गंज, गंजाच्या खरखरीत पापुद्र्यावर रबर रोज घासतंय. वर ताकाचे आणि सरबताचे ओघळ खाली येऊन तिथंच साचतात.

आणि दार उतरलं कशानं? दाराच्या खालच्या कप्प्यात दोन-दोन लिटरच्या बाटल्या ओळीनं उभ्या आहेत. आमच्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, उन्हाळ्यात तर विचारूच नका, त्यामुळे पाणी आलं की दिसेल ते भांडं भरायची सवय. भरलेल्या चार बाटल्या म्हणजे आठ किलो, तेही बिजागरीपासून लांब लोंबकळणारे. दिवसातून किती वेळा ते दार उघडतं ते मोजायचं धाडस मी केलं नाही.

तात्पर्य कामापुरतं : नुसतं रबर बदललं तर नवं रबरही त्याच कोपऱ्यात मरेल. क्रम असा ठरवला. आधी बुश, मग गंज, मग रबर. बाटल्या आजपासून बाहेर, पाणी माठात. बायकोनं ही अट आनंदानं मान्य केली, कारण माठ कुंभार वेशीतून नवा आणायचं तिच्या मनात होतंच.

९ एप्रिल, बुधवार

सुट्या भागांच्या दुकानात. बरोबर नेलं ते : फ्रीजच्या आत चिकटवलेल्या पट्टीवरचा मॉडेल क्रमांक, खाचेच्या मध्यापासून समोरच्या खाचेच्या मध्यापर्यंतची लांबी आणि रुंदी, आणि रबराचा एक कोपरा बोटभर उपसून, शेजारी मोजपट्टी धरून काढलेला आडव्या छेदाचा फोटो. रबराच्या बाहेरच्या कडांवरून माप घेऊ नये. जुनं रबर कुठं आकसलेलं, कुठं पसरलेलं असतं. खाच कधी आकसत नाही.

मालकानं मॉडेल क्रमांक ऐकून मान हलवली, कंपनीचं तयार रबर येत नाही आता. मग फोटो बघून म्हणाला, "शेपटीवालं आहे का स्क्रूवालं?" हा प्रश्न विचारणारा दुकानदार कामाचा. आधीच्या दुकानात फक्त "किती लिटर" एवढंच विचारलं होतं. लिटरवरून रबर मिळत नाही. त्याच लिटरच्या दोन फ्रीजच्या खाचा वेगळ्या असतात, आणि शेपटीचा आकार चुकला तर लांबी-रुंदी बरोबर असूनही रबर खाचेत राहत नाही.

मागे एक पोरगा रबर बनवत बसलेला. सांगायला सोपं काम, बघायला मजा. पट्टीच्या गुंडाळीतून चार तुकडे मापानं कापायचे, टोकं ४५ अंशांत. चुंबकाच्या पट्ट्या आत सरकवायच्या, पण कोपऱ्यापासून थोड्या आखूड, नाहीतर जोड नीट बसत नाही. मग दोन टोकं तापलेल्या पात्याला दोन्ही बाजूंनी टेकवायची, पीव्हीसी वितळलं की पातं काढून टोकं एकमेकांवर दाबून धरायची. सांध्यावरचा वितळलेला फुगवटा ब्लेडनं छाटायचा. मी त्याला एक विनंती केली : फुगवटा आतूनही छाट, शेपटीपाशी. तिथं गाठ राहिली तर कोपरा खाचेत पुरा जात नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं, पण छाटला.

रबर ४५० रुपये. बिजागरीचा बुश आणि नायलॉनचे दोन वॉशर मिळून चहाच्या पैशांत. गाडीवर आणताना रबराचं भेंडोळं गळ्यात अडकवून आणलं, घडी घालायची नव्हती. सात रस्त्याच्या सिग्नलला एका रिक्षावाल्यानं विचारलं, "मालक, कुठल्या फ्रीजला हार?"

१२ एप्रिल, शनिवार

आजचा दिवस मुद्दाम धरला, पाण्याचा दिवस म्हणून. फळ्या, ट्रे, भाजीचं खोकं धुवायला भरपूर पाणी लागतं.

सामान : दूध, दही, भाजी शेजारच्या अक्कांकडे. लोणची आणि शेंगाचटणी बाहेरच, त्यांना फ्रीज लागतच नाही, आमच्या घरात ती कोण आत ठेवतं हा जुना वाद आहे. प्लग काढला, दार उघडं, आत गरम पाण्याचं पातेलं. बर्फ स्वतःहून सुटू दिला. सुरीनं खरवडणाऱ्यांना एकच सांगणं, त्या पत्र्याच्या आत गॅसच्या वाटा असतात. एक भोक पडलं की रबराचा खर्च किरकोळ वाटेल.

बुश. मुलगा आणि मी मिळून दार धरलं, वरच्या बिजागरीचे स्क्रू काढले, दार सरळ वर उचलून बाजूला, चादरीवर आडवं ठेवलं. खालच्या खुंटीवरचा जुना बुश एका बाजूनं नखाएवढा खाल्लेला. नवा बसवला, खुंटीवर एक वॉशर. दार परत चढवून वरचे स्क्रू आधी सैलच ठेवले, कड माथ्याशी समांतर केली, मग आवळले. दुसऱ्या वॉशरची गरज पडली नाही, वरच्या बिजागरीपाशी चिकटपट्टीनं चिकटवून ठेवला.

पाये. पुढचे दोन पाये थोडे उंच केले, फ्रीज किंचित मागे झुकला. आता दार थोडं उघडं सोडलं की आपोआप लागतं. हे सगळ्यात स्वस्त काम, पान्याचे दोन वेढे. आणि बहुतेक घरांत ते फ्रीज आला त्या दिवसापासून कुणी केलेलंच नसतं.

गंज. यात वेळ गेला. तळाच्या चौकटीवर मुठीकडे तळहाताएवढा पट्टा. आधी कोरड्या कापडानं, मग जाड पॉलिश पेपरनं पापुद्रे उडवले, मग शून्य नंबरच्या बारीक पेपरनं बोटाला काही लागेनासं होईपर्यंत. चुंबकाला पत्रा हवा असतो, पण पत्रा असून भागत नाही, तो सपाट हवा. मधे गंजाचा कागदाएवढा थर आला तरी ओढ कमी होते, आणि खरखर असेल तर फट कायमची. रेड ऑक्साइडचा, म्हणजे गंज अडवणाऱ्या अस्तराच्या रंगाचा, पातळ हात, दुपारच्या झळा खिडकीतून येतच होत्या, तासाभरात सुकला. संध्याकाळी पांढऱ्या ऑइलपेंटचा एक हात, तोही पातळ. जाड हात दिला तर त्याचाच उंचवटा होतो.

ओल्या रंगावर दार लावता येत नाही आणि रंगाचा वास फ्रीजमध्ये कोंडला तर महिनाभर दह्याला येतो. म्हणून रात्रभर दार उघडं, समोर पंखा. मुलाला समोर निजायचं होतं, पंख्यासाठी. नाही म्हटलं, रंगाचा वास.

१३ एप्रिल, रविवार

रबर बुधवारपासून भिंतीवर खिळ्याला टांगलेलं, तरी दुकानातल्या घड्या अंगात होत्याच. सकाळी गच्चीवर जुनी चादर अंथरून त्यावर चौकोनात पसरलं. इतर गावांत म्हणे यासाठी गरम पाण्याचा टब करतात. आम्हाला सूर्य फुकट आहे. दहाच्या सुमारास ठेवलं, लवकरच लुळं पडलं, बोटानं घड्या सरळ केल्या आणि उचललं. बारा-एकच्या फरशीवर ठेवू नये, मऊ होणं वेगळं आणि वाकडं होणं वेगळं.

जुनं रबर काढायला हत्यार लागलं नाही. कोपऱ्यात बोट घालून ओढलं की टपटप सुटत जातं. खाचेत बारा वर्षांचा स्वयंपाक निघाला : मोहरी, साखर, तिखट, एक शेंगदाणा. आइस्क्रीमच्या काडीला कापड गुंडाळून खाच साबणाच्या पाण्यानं धुतली, पुसली, वाळवली. ओल्या खाचेत रबर बसतं, पण खाली बुरशीचं घर होतं.

बसवणं. चारही कोपरे आधी. मग चारही बाजूंचे मध्य. मग राहिलेलं अंगठ्यानं दाबत दाबत. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून ओढत नेलं तर शेवटी एक बाजू कमी पडते नाहीतर झोळ येतो. शेपटी खाचेत गेली की बारीक 'टक्' ऐकू येतो. जिथं टक् आला नाही तिथं पुन्हा अंगठा. तळाच्या बाजूला लाकडी उलथण्याच्या दांड्यानं दाबलं. चुलीपाशी उभ्या आईचं त्या उलथण्यावर लक्ष होतं.

दार लावलं. वर, मुठीकडे, तळाशी पकड लगेच आली. बिजागरीच्या बाजूला मात्र रबर दार मिटताना चौकटीवर घासत येतं आणि एका ठिकाणी आत मुडपतं. नव्या रबराचं हे नेहमीचं. काहीजण तिथं पेट्रोलियम जेली चोपडतात. आमच्या हवेत एवढं तूस असताना चिकट काही लावणं मला पटलं नाही. टाल्कम पावडर कापडावर घेऊन त्या बाजूला पुसली, घासणं थांबलं. मुडपलेली जागा गरम टॉवेलनं शेकली, ओढून सरळ केली आणि दार लावून ठेवलं.

फ्रीज रिकामाच चालू केला, थर्मोस्टॅट मधल्या आकड्यावर. रंगाचा वास उरलेला नाही याची खात्री सगळ्यांनी आळीपाळीनं आत डोकं घालून केली. मग दूध वगैरे परत.

१४ एप्रिल, सोमवार. आंबेडकर जयंती, कारखान्याला सुट्टी

सकाळी ग्लासात ५ अंश. स्वयंपाकघरात तेव्हाही ३३ होते. दुपारी ३८ झाले, फ्रीजमध्ये ६. कॉम्प्रेसर आता थांबतो, आणि थांबलाय हे घरात पहिल्यांदा आईनं ओळखलं. तिला वाटलं, वीज गेली.

आणखी एक खूण, जी कुठलं उपकरण न लावता कळते. दार बंद करून लगेच पुन्हा उघडायला जावं, तर ते क्षणभर ओढून धरतं. दार उघडलं तेव्हा आत शिरलेली गरम हवा गार होऊन आकसते आणि आत थोडी पोकळी होते, ती दाराला ओढते. रबर गळकं असेल तर बाहेरची हवा लगेच भरून येते आणि असं काही होत नाही. आमच्या दाराची ही ओढ गेली कित्येक वर्षं नव्हती आणि ती गेल्याचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

दुपारी सुट्टीचा उपयोग. जुन्या रबराचा खालचा, सगळ्यात वाईट तुकडा ब्लेडनं चिरला आणि चुंबकाची पट्टी बाहेर ओढली. काळपट तपकिरी, वाकणारी. फेराइटची भुकटी प्लास्टिकमध्ये कालवून केलेली. लोखंडी कपाटाला लावली, चिकटली. नव्या रबराच्या दुकानातून आणलेल्या कापतुकड्यातली पट्टी शेजारी लावली. दोन्ही ओढून पाहिल्या, आईलाही ओढायला लावल्या. तिला फरक सांगता आला नाही, मलाही नाही. फेराइटचं चुंबक घरगुती उष्णतेत असं मरत नाही. मेलं होतं ते त्याच्याभोवतीचं मऊ पीव्हीसी. चुंबक आपल्या परीनं ओढत होतं, पण कडक झालेलं रबर त्याच्यामागे जायला तयार नव्हतं.

आईनं जुनी पट्टी मागून घेतली. तिचे तुकडे करून ती सुया सांडल्या की गोळा करणार आहे.

१६ एप्रिल, बुधवार

नोटेची परीक्षा सगळीकडून. बिजागरीकडची मुडपलेली जागा अजून जरा सैल, बाकी पक्कं. पुन्हा गरम टॉवेल, पुन्हा दार बंद. ग्लासात ५ अंश कायम. इन्सुलिन वहिनींकडून परत आणलं. वहिनींना वाटीभर आंब्याचं पन्हं.

२७ एप्रिल, रविवार

अक्कांचा फ्रीज. हे काम माझ्यामागे लागणारच होतं. त्यांचा १६५ लिटरचा, आमच्यापेक्षा बराच जुना. दार नीट लागत नाही म्हणून त्यांच्या घरच्या अण्णांनी बाहेरून कडी-कोयंडा ठोकलाय. पत्र्याला सरळ स्क्रू.

ती कडी पाहून मी आधी रबराचं बोललोच नाही. घरात दोन नातवंडं, लपाछपीच्या वयाची. पूर्वी फ्रीजच्या दाराला मोटारीच्या दारासारखी खटक्याची कडीच असे, आतून उघडता न येणारी. टाकून दिलेल्या फ्रीजमध्ये मुलं लपायची आणि गुदमरायची. अमेरिकेत अशा मृत्यूंमुळे १९५६ साली कायदा झाला की घरगुती फ्रीजचं दार आतून उघडता आलंच पाहिजे. त्यानंतर चुंबकाचं रबर सगळीकडे आलं. आतून लहान मुलानं ढकललं तरी दार उघडतं, हा त्या चुंबकाचा अर्धा उपयोग आहे. अण्णांनी ऐकून घेतलं, तेलुगूत अक्कांशी काहीतरी बोलले, आणि पेचकस स्वतः आणला. कडी आधी निघाली. भोकं एपॉक्सीनं बुजवली.

रबर स्क्रूवालं. आतली जीभ उचलली की खाली चहूबाजूंनी स्क्रूंची रांग. हे स्क्रू रबर, पत्र्याची पट्टी आणि दाराचं आतलं पॅनेल असं तिन्ही धरून असतात, म्हणून सगळे काढायचे नाहीत. नुसते सैल करायचे, जुनं रबर पट्टीमागून सोडवायचं, नव्याची जीभ तिथं सरकवायची. माप इथं बाहेरच्या कडांचं घेतलं होतं, कारण खाचच नाही.

अडचण नंतरची. सगळे स्क्रू सैल असताना दाराला पीळ बसतो. अण्णांचं दार वर टेकलं की खाली फटलं, खाली दाबलं की वर. उपाय असा की एकानं दार लावून कर्णावर पीळ उलटा देऊन धरायचं, दुसऱ्यानं आळीपाळीनं समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळायचे, मग नोट, मग पुन्हा. अण्णा पूर्वी मागावर होते. ताण एका बाजूनं घेतला की कापड तिरकं जातं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. धरायचं काम त्यांनीच केलं आणि माझ्यापेक्षा चांगलं केलं.

एकच कोपरा राहिला, वरचा, बिजागरीकडचा. तिथं चौकटीच्या पत्र्यालाच पोचा आहे, कधीतरी फ्रीज हलवताना पडलेला. रबराच्या मागे, पट्टीखाली सायकलच्या ट्यूबची पातळ चीर घालून त्या जागी रबर पुढे ढकललं. दिसायला बरं नाही, नोट धरते. जेवणाला कडक भाकरी, शेंगाचटणी आणि अक्कांच्या हातचा पप्पुचारू, म्हणजे तेलुगू पद्धतीचं डाळीचं सार.

११ मे, रविवार

आमचा फ्रीज. बर्फाचा थर पोस्टकार्डाएवढा पातळ, तोही दारापाशीच. थर्मोस्टॅट मधल्याहून एक आकडा खाली आणला तरी ग्लासात ५. मागच्या जाळीवर तुसाचा पुसट थर परत आलाय, ब्रश फिरवला. हे रबराइतकंच महत्त्वाचं आणि कायमचं काम, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी असं कॅलेंडरवर लिहिलं. तळाच्या चौकटीवरचा रंग शाबूत, गंजाचा ठिपका नाही. दाराची कड माथ्याशी समांतर.

दाराच्या खालच्या कप्प्यात एक दोन लिटरची बाटली पुन्हा उभी सापडली. कुणी ठेवली हे कुणी सांगत नाही. माठाशेजारी नेऊन ठेवली.

अण्णांकडचा फ्रीज अजून जास्त वेळ चालतो, पण थांबतो. ट्यूबची चीर जागेवर. तिथली जाळीही आज साफ केली. त्यांच्या जाळीवरचं तूस आमच्यापेक्षा जाड होतं, आणि रंगीत.

राहिलेलं काम : पाऊस सुरू झाला, हवा दमट झाली की चौकटीवर घाम येतो का ते बघायचं. आला तर बिजागरीकडची ती एक जागा पुन्हा शेकायची. दुसरा वॉशर वरच्या बिजागरीपाशी चिकटवलेला आहे.